वाळू चाळणारा गोबी रीफ टँकमध्ये जगवायचा कसा – सुरुवातीपासून सगळं

तोंड भरून वाळू उचलायची, क्षणभर थांबायचं, मग दोन्ही कल्ल्यांतून ती वाळू बारीक धारेने खाली सोडायची आणि वीतभर पुढे जाऊन पुन्हा तेच. हा मासा ज्याने एकदा बघितला त्याला तो आपल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, हवाच असतो. शिवाय आठवड्याभरात तपकिरी पडलेली वाळू पांढरीशुभ्र व्हायला लागते, त्यामुळे आपण दुप्पट खुश. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो वाळू साफ करत नसतो, तो जेवण शोधत असतो. वाळूतले कोपेपॉड, अँफिपॉड (कोलंबीच्या कुळातले इवलेसे जीव, यांनाच पुढे पॉड म्हटलंय), बारीक गांडुळासारखे किडे हे त्याचं खाणं, ते तो कल्ल्यांच्या आतल्या चाळणीत अडकवतो आणि वाळू सोडून देतो. आता घरच्या टँकमध्ये वाळू असून असून असणार किती, दोन-तीन महिन्यांत त्यातलं खाण्यासारखं सगळं संपतं. मासा मात्र चाळतच राहतो, तेवढ्याच उत्साहाने, आणि बघणाऱ्याला वाटतं काय मस्त काम चाललंय, पण तोंडात काही येत नसतं.

माझा पहिला डायमंड गोबी मी असाच गमावला. वाळू चकाचक होती, मासा दिवसभर कामात दिसायचा, आणि मी रोज समोरून त्याच्याकडे कौतुकाने बघायचो. वरून कधी बघितलंच नाही. बघितलं असतं तर पोट खपाटीला गेलेलं दिसलं असतं. तो मासा अजून मनातून जात नाही आणि हे सगळं एवढं सविस्तर लिहायचं कारणही तोच.

कुठला गोबी घ्यायचा

यातले बहुतेक मासे व्हॅलेन्सिएनिया या एकाच वंशातले, आणि दुकानात "स्लीपर गोबी" म्हणून मिळतात. सगळ्यात जास्त दिसतो तो डायमंड गोबी म्हणजे व्हॅलेन्सिएनिया पुएलारिस, पांढऱ्या अंगावर नारिंगी ठिपके, टँकमध्ये १५ सेंटीमीटरच्या आसपास होतो. हा शक्यतो तळाशीच राहून चाळतो त्यामुळे कोरलवर वाळू त्यातल्या त्यात कमी पडते, आणि तयार खाणं घ्यायलाही बऱ्यापैकी लवकर शिकतो. पहिल्यांदाच ठेवत असाल तर हाच घ्या.

दुसरा गोल्डन हेड, म्हणजे स्ट्रिगाटा. पिवळं डोकं, डोळ्याखाली निळी रेघ, दिसायला सगळ्यात देखणा, पण याला एक खोड आहे, तोंडात वाळू घेऊन हा वर पाण्यात येतो आणि तिथून ती शिंपडत जातो, म्हणजे अक्षरशः कोरलवर वाळूचा पाऊस. उड्या मारण्यातही हा पटाईत. टँकमध्ये खालच्या बाजूला भरपूर कोरल असतील तर मी तरी याच्या वाटेला जाणार नाही. सेक्सगुट्टाटा, ज्याला ब्लू डॉट म्हणतात, तो थोडा लहान, गालावर निळे ठिपके, स्वभाव जरा बुजरा. वार्डी म्हणजे टायगर गोबी, पट्टेवाला, तोही लहान चणीचा.

सिग्नल गोबी म्हणून एक मिळतो, पाठीच्या परांवर दोन मोठे डोळ्यांसारखे गोल असतात, तो बघून कोणालाही मोह होईल. कृपा करून सुरुवातीला तो घेऊ नका. एकटा तर टिकतच नाही म्हटलं तरी चालेल, जोडीने थोडा बरा, पण तयार खाण्याकडे बघतही नाही आणि बहुतेक टँकमध्ये उपासमारीने जातो.

आणि एक गैरसमज. पिवळा वॉचमन गोबी, जो पिस्टल श्रिंपबरोबर एका बिळात राहतो, तो या कामाचा मासा नाही. तोंडात थोडीफार वाळू घेतो खरा पण त्याचं मुख्य काम बिळाच्या तोंडाशी बसून पहारा करणं. फक्त "गोबी" एवढं विचारून घेतलात तर हाच हातात येण्याची शक्यता जास्त.

टँक किती मोठा आणि किती जुना

डायमंडसाठी चार फुटी टँक, म्हणजे १२० सेंटीमीटर लांबी आणि २५० लिटरच्या आसपास पाणी, हे मी किमान धरतो. १५०–२०० लिटरमध्येही लोक ठेवतात, जमतं, पण मग खाऊ घालण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्ण तुमच्यावर येते. इथे लिटरपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, उंच आणि अरुंद टँक या माशाच्या काहीच उपयोगाचा नाही.

टँक निदान ६ महिने चाललेला हवा, वर्षाचा असेल तर उत्तम. नवीन टँकच्या वाळूत जीवच नसतात. रात्री लाईट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन काचेवर आणि वाळूवर बघा, पांढरे ठिपके सुरसुर पळताना दिसले पाहिजेत, दगडांच्या फटीतून अँफिपॉड टुणटुण बाहेर येताना दिसले पाहिजेत. काहीच हललं नाही तर अजून थांबा. नवीन टँकमध्ये वाळूवर तपकिरी थर येतो ते डायटम म्हणजे सूक्ष्म शेवाळ असतं, ते काही आठवड्यांनी आपोआप जातं, त्यासाठी गोबी आणायची घाई करू नका. ही घाई करणारे खूप बघितलेत मी.

पाण्याचं गणित नेहमीच्या रीफसारखंच. तापमान २४ ते २६ डिग्री, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (क्षारतेचं माप) १.०२५ च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम. नायट्रेट १० पीपीएमच्या आत राहिलं तर छान, पण या माशाला भरपूर खायला घालताना ते थोडं वर जाणार हे आधीच मान्य करून ठेवा.

वाळू, आणि इथे जरा थांबून वाचा

निम्मी लढाई वाळूची आहे. दाणा अर्धा ते दीड मिलिमीटर, फार तर २, आणि कडा गोलसर. अ‍ॅरागोनाइटची रीफ वाळू या मापात सहज मिळते. क्रश्ड कोरल म्हणजे ते जाड तुकडे टाकलेले असतील तर हा मासा आणूच नका, तुकडे तोंडात मावत नाहीत, कल्ल्यांतून जात नाहीत आणि धारदार कडांनी आतून इजा होते. उलट पिठीसाखरेसारखी एकदम बारीक वाळू माशाला चालते पण आपल्याला छळते, कारण तो सोडेल ती धार पॉवरहेडच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) झोतात सापडून सगळ्या टँकभर उडते. मधला दाणा बरा.

जाडी ५ ते ८ सेंटीमीटर. याला चाळायलाच नाही तर राहायलाही वाळू लागते, दगडाखाली बीळ करून तो रात्री त्यात झोपतो, घाबरला की त्यातच शिरतो. एक-दीड सेंटीमीटरचा थर दिसायला नीटनेटका वाटतो पण त्यात बीळ होत नाही. हिशोब सोपा आहे, १२० बाय ४५ सेंटीमीटरच्या तळावर ५ सेंटीमीटर थर म्हणजे २७ लिटर वाळू, वजनात साधारण ४० किलो. टँकचं स्टँड ठरवताना हे वजन धरा.

ज्यांच्याकडे १०–१५ सेंटीमीटरचा डीप सँड बेड आहे त्यांना मात्र वेगळं सांगणं आहे. तो थर चालतो तोच मुळी आतल्या किड्यांवर आणि बॅक्टेरियांवर, आणि हा गोबी नेमका त्या किड्यांचा फडशा पाडतो आणि वरचा थर रोज उलथा करतो. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. कुठलं तरी एक निवडा.

जुन्या टँकमध्ये अजून एक धोका. वर्षानुवर्षं कोणी न हलवलेल्या वाळूत खूप गाळ साठलेला असतो, खाली काळी पडलेली आणि कुजक्या अंड्याचा वास येणारी वाळू असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. गोबी आला की पहिल्या आठवड्यातच हे सगळं उकरून पाण्यात आणतो, मग नायट्रेट-फॉस्फेट उसळतं, शेवाळ येतं आणि दोष माशावर. म्हणून मासा आणायच्या महिनाभर आधीपासून तळाचे चार भाग करा आणि दर आठवड्याच्या पाणी बदलाला एकेक भाग सायफनने नीट धुऊन काढा. सगळं एका दिवसात करू नका, वाळूतले जीव आणि बॅक्टेरिया एकदम जातात.

दगड आधी, वाळू नंतर

गोबी दगडाखालचीच वाळू काढणार, हे गृहीत धरून चाला. लाईव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला सच्छिद्र दगड, वाळूवर ठेवलेला असेल तर तो आज ना उद्या कलणार, आणि खाली काच आहे, कोरल आहे, स्वतः मासा आहे. म्हणून मोठे दगड सरळ तळाच्या काचेवर, किंवा पीव्हीसीच्या छोट्या पायांवर उभे करायचे आणि वाळू मग भोवतीने भरायची. वरचे दगड एपॉक्सी किंवा रीफवाल्या सिमेंटने एकमेकांना जोडा. शेवटी रचना हाताने जोर लावून हलवून बघा, तुमच्या धक्क्याने हलली तर गोबीच्या खोदकामाने नक्की पडणार.

दगड आधीच वाळूवर असतील तर एकेक करून खाली काचेला टेकेपर्यंत वाळूत फिरवत फिरवत बसवा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

एका कोपऱ्यात कोरल रबलचा म्हणजे मुठीएवढ्या तुकड्यांचा ढीग करून ठेवा. त्यात गोबीला चाळता येत नाही त्यामुळे तिथे पॉड निवांत वाढतात आणि भटकत वाळूत येतात. साधी गोष्ट आहे, फायदा पुष्कळ.

झाकण

झाकणाशिवाय हा मासा नाही. रात्री एकदम लाईट लागला, दुसरा मासा अंगावर आला, की हा सरळ वर झेपावतो. पूर्ण टँकवर ६ मिलिमीटरच्या आसपासची पारदर्शक जाळी ताणून बसवा, आणि वायरी-पाईप जातात त्या फटीसुद्धा बंद करा, मासा बाहेर जातो तो बहुतेक वेळा त्या दोन बोटांच्या फटीतूनच. ओव्हरफ्लोवरही, म्हणजे पाणी जिथून खालच्या फिल्टरच्या टाकीत (संपमध्ये) उतरतं तिथेही, जाळी हवी. गोबी दिसेनासा झाला तर जमिनीबरोबर ओव्हरफ्लो बॉक्स आणि संप आधी तपासा, तिथे जिवंत सापडलेले बरेच असतात.

मासा निवडताना

वरून बघा, समोरून बघा, बाजूने शेवटी बघा. पोट आत गेलेलं नको, आणि डोक्याच्या लगेच मागे पाठीवर खोलगट नको. पोट थोडं कमी असेल तर भरून काढता येतं, पण डोक्यामागची पाठ बसली असेल तर स्नायू झिजलेत आणि तो मासा सावरायला फार अवघड. श्वास शांत हवा, दोन्ही कल्ले सारखे उघडझाप करायला हवेत, तोंडाला जखम नको, कारण याचं सगळं जगणं तोंडावर आहे. आणि दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. मायसिस (बारीक कोलंबीसारखा जीव, माशांचं खाणं म्हणून मिळतो) खाताना दिसला तर घ्या, नाहीतर आठवडाभर तिथेच राहू द्या आणि परत जाऊन बघा. वाळू नसलेल्या टाकीत बरेच दिवस ठेवलेला मासा बारीक होतच जातो, त्यामुळे तो कधी आला हे विचारायला लाजू नका.

क्वारंटाइन

करायचंच, निदान ४ आठवडे. अडचण अशी की उघड्या काचेच्या टाकीत हा बावरतो आणि खात नाही. म्हणून एक पसरट प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ५ सेंटीमीटर वाळू भरा, वर पीव्हीसीचा एल्बो अर्धा पुरून ठेवा, झालं त्याचं घर. पहिले दोन आठवडे औषध वगैरे काही नाही, फक्त निरीक्षण आणि भरपूर खाणं.

पांढरे ठिपके म्हणजे मरीन इच हा परजीवीचा आजार दिसला आणि कॉपर (तांब्याचं औषध) वापरायची वेळ आली तर वाळूचा डबा आधी बाहेर काढा. अ‍ॅरागोनाइट कॉपर शोषून घेतं, मग पाण्यातली मात्रा खाली जाते आणि आपल्याला वाटतं औषध चालू आहे. पीव्हीसी तेवढा राहू द्या. मात्रा एकदम न चढवता दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि त्याच कॉपरसाठी असलेल्या टेस्ट किटने रोज मोजा. हे सगळं वेगळ्या टाकीतच, कॉपर रीफ टँकमध्ये कधीही नाही, कोरल आणि कोलंब्या-गोगलगायी सगळं मरेल. मुख्य टँकमध्येच इच शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून टँक माशांविना ठेवावा लागतो, ७६ दिवस हा रीफवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. एवढा उपद्व्याप टाळायला चार आठवडे काहीच नाहीत.

खातोय पण अंग धरत नाही, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येतेय, तर पोटात परजीवी असू शकतात. प्राझिक्वांटेल आणि मेट्रोनिडाझोल ही त्यासाठी वापरली जाणारी औषधं, पण कुठलं आणि किती हे लेबल नीट वाचून, शक्य असेल तर माशांच्या डॉक्टरला विचारून.

टँकमध्ये सोडताना

लाईट मंद करा. पिशवी १५–२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. क्वारंटाइनची क्षारता आणि मुख्य टँकची क्षारता आधीच जुळवून ठेवली असेल तर लांबलचक ड्रिपची, म्हणजे थेंब थेंब टँकचं पाणी मिसळत बसण्याची, गरज नाही. लांबून प्रवास करून आलेल्या पिशवीत तर अजिबात वेळ लावू नका, बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो आणि पिशवी उघडल्यावर पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, फक्त मासा.

सोडल्यावर तो दगडाखाली गायब होईल आणि दोन दिवस, कधी आठवडाभर दिसणारच नाही. घाबरून दगड उचलू नका. बिळाच्या तोंडाशी संध्याकाळी थोडं खाणं सोडत राहा, सकाळी जवळ नवीन वाळूचा ढीग दिसला की समजा स्वारी ठीक आहे.

खाऊ घालणं, म्हणजे रोजचं काम

पहिल्या महिन्यात दिवसातून ३–४ वेळा, थोडं थोडं. नंतर निदान २ वेळा, कायम. या माशाचं पोट सतत थोडं थोडं खाण्यासाठी बनलंय, दोन दिवसांतून एकदा भरपेट हा हिशोब त्याला लागू पडत नाही.

फ्रोझन मायसिस हे मुख्य खाणं ठेवा. त्याबरोबर सायक्लॉप्स, बारीक चिरलेली कोलंबी, माशांची अंडी, आणि तळाला जाणारे १ मिलिमीटरचे पेलेट. ब्राइन श्रिंप आवडीने खातो पण नुसत्या ब्राइनवर अंग धरत नाही, त्याला व्हिटॅमिन आणि ओमेगा तेलाच्या द्रावणात भिजवून द्या. अजिबातच खात नसेल तर जिवंत ब्राइन किंवा जिवंत ब्लॅकवर्मने सुरुवात करा. ब्लॅकवर्म गोड्या पाण्यातले, खाऱ्या पाण्यात काही मिनिटांतच मरतात, म्हणून एका वेळी मोजकेच टाका आणि उरलेले काढून घ्या.

पद्धत अशी. पॉवरहेड आणि रिटर्न पंप १० मिनिटं बंद. वरच्या माशांना टँकच्या एका टोकाला पेलेट टाकून गुंतवा. मग लांब पिपेट किंवा बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) मायसिस दुसऱ्या टोकाला अगदी वाळूवर सोडा, थोडं वाळूत दाबून सोडलं तर अजून छान, कारण पाण्यात तरंगणारं खाणं हा सुरुवातीला ओळखतच नाही, वाळूत सापडलेलंच त्याच्या दृष्टीने खाणं असतं. रोज तीच जागा, तीच वेळ. आठवडा-दोन आठवड्यांत तो पिपेट दिसली की येऊन बसतो, आणि माझा आत्ताचा तर पिपेटच्या टोकातून ओढून घेतो, घरातल्या सगळ्यांना रोज ते बघायचं असतं. एकदा तो असा येऊन खायला लागला की मग मोठी काळजी मिटली.

जोडीला रेफ्युजियम, म्हणजे पॉड सुरक्षित वाढायची वेगळी जागा, असेल तर सोन्याहून पिवळं. संपमध्ये कीटोमॉर्फा शेवाळाचा गोळा, त्यात पॉड. टिस्बे जातीचे कोपेपॉड तळाशी आणि दगडांवर राहतात म्हणून ते आपल्या कामाचे. टँकमध्ये पॉड सोडायचे तर रात्री, पंप बंद करून, पाईपने तळाशी. पण नुसत्या पॉडच्या बाटल्यांवर एवढा मोठा गोबी पोसता येईल या भ्रमात राहू नका, ते तोंडी लावणं आहे.

एवढं खाणं जाणार म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणार. स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) दमदार ठेवा, दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, आठवड्याला टेस्ट करा. आकडे वाढले म्हणून गोबीचं खाणं कमी करणं हा उपाय नाही, बाहेर काढण्याची क्षमता वाढवा.

दर रविवारी, किंवा तुमचा जो काही वार असेल तेव्हा, वरून त्याचा एक फोटो काढून ठेवा. रोज बघताना बारीक होणं लक्षात येत नाही, महिन्याभराचे चार फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं. मी पहिल्या माशाच्या वेळी हे केलं नाही, त्यानंतर एकही आठवडा चुकवला नाही.

कोरलचं काय

तळावर बसणारे कोरल आणि हा मासा यांचं जमत नाही, हे स्पष्टच सांगतो. ट्रॅकिफिलिया, फंजिया, स्कॉली, वाळूत ठेवलेले अकान, सगळ्यांवर वाळू पडणार, कधी रात्रीत पूर्ण गाडले जाणार. थोडी वाळू कोरल स्वतः चिकट द्रव सोडून झटकतात, पण रोज गाडलं गेलं तर तिथला मांसल भाग कुजायला लागतो. त्यांना निदान १५–२० सेंटीमीटर वर, सपाट दगडाच्या कट्ट्यावर हलवा. झोअँथिड आणि मशरूम कोरलचे छोटे फ्रॅग (तोडलेले तुकडे) वाळूवर ठेवाल तर ते शोधत बसावं लागेल, सरळ दगडाला चिकटवा. ट्रायडॅक्ना शिंपलाही दगडावर. उंचावरच्या एसपीएसला, म्हणजे बारीक पॉलिपच्या कठीण कोरलना, काही त्रास नाही. रोज संध्याकाळी बेस्टरने दोन-चार फुंकर मारून कोरलवरची वाळू उडवायची सवय लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

पॉवरहेड तळाकडे रोखलेले नकोत, वरच्या अर्ध्या भागात आणि थोडे वरच्या दिशेने. आणि मॅग्नेट क्लीनर वाळूच्या रेषेजवळ नेताना फार जपून, गोबीने काचेलगत उडवलेला एकच कण मॅग्नेटखाली अडकला की काचेवर कायमचा ओरखडा. खालचे ५ सेंटीमीटर मी जुन्या प्लास्टिक कार्डाने घासतो.

शेजारी कोण

एका टँकमध्ये एकच गोबी, किंवा आधीच जमलेली जोडी. निसर्गात हे मासे जोडीनेच राहतात, एकाच बिळात, पण कुठलेही दोन अनोळखी उचलून आणले तर जीव जाईपर्यंत भांडतात. जोडी घ्यायची तर एकाच टाकीत शेजारी शेजारी चाळणारे, एकाच खड्ड्यात शिरणारे दोन मासे एकत्र घ्या. जोडी असेल तर खाणंही दुप्पट लागणार आणि वाळूही.

सँड सिफ्टिंग स्टारफिश याच्याबरोबर नको, तो त्याच वाळूतलं तेच खाणं खातो आणि मग दोघंही उपाशी. मँडरिन मासाही पॉडवरच जगतो, लहान टँकमध्ये दोघांना पुरणार नाही. डॉटीबॅक, ट्रिगर, हॉकफिश असे दांडगट मासे याला बिळातून बाहेर येऊ देत नाहीत. क्लाउनफिश, कार्डिनल, फायरफिश, टँग यांच्याशी काही भांडण नाही. नॅसेरियस गोगलगायी उलट मदतच करतात, गोबीने सोडलेलं खाणं त्या संपवतात.

काही अडचणी आल्या तर

वाळूवर लाल-जांभळा चिकट थर आला तर ते सायनो (सायनोबॅक्टेरिया), गोबी तो मोडून टाकेल पण घालवणार नाही, प्रवाह आणि पोषकद्रव्यं बघा. तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे धरलेले तंतू दिसले तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) असण्याची शक्यता, त्यातल्या काही जाती विषारी असतात, तेव्हा गोबीचं पोट वाळूवर अवलंबून ठेवू नका, पिपेटने जास्त खाऊ घाला.

एकाच कोपऱ्यात वाळूचा डोंगर आणि दुसरीकडे काच उघडी, हे होणारच. आठवड्यातून एकदा हाताने सारखं करा, फक्त त्याच्या बिळावर घाला घालू नका. जोडी असेल आणि बिळाच्या तोंडावर मुद्दाम रचल्यासारखा ढिगारा दिसायला लागला, एक मासा आतच राहायला लागला, तर अंडी असू शकतात, त्या कोपऱ्याला महिनाभर हात लावू नका.

आणि मासा बारीक झालेला लक्षात आला तर उशीर करू नका. भोकं असलेली अ‍ॅक्रिलिकची पेटी टँकच्या आतच काचेला लावा, तळाला वाळूचा डबा, वर झाकण, आणि त्याला त्यात घ्या. बाकीच्या माशांची स्पर्धा संपली, खाल्लेलं-न खाल्लेलं डोळ्यासमोर दिसतं. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्या, सुरुवातीला जिवंत, मग व्हिटॅमिनमध्ये भिजवलेलं मायसिस. उरलेलं अर्ध्या तासाने ओढून काढा. पोट आधी भरतं, दहा-बारा दिवसांत फरक दिसतो आणि लगेच वाटतं की झालं, सोडूया. थांबा. डोक्यामागची पाठ सगळ्यात शेवटी भरते. ती वरून बघितल्यावर गोल दिसेपर्यंत त्याला पेटीतच ठेवा, मग महिना लागो की दोन.